नंबर न सापडलेल्या गाडीचा दावा

मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईचा भारतातला सगळा कायदा गाडीच्या नंबरावर उभा आहे. नंबर कळला की मालक कळतो, मालकावरून पॉलिसी, पॉलिसीवरून विमा कंपनी. मग दावा कोणावर टाकायचा हा प्रश्नच उरत नाही. धडक देऊन गाडी पळाली की यातले पहिलेच पाऊल चुकते आणि पुढचे सगळे लटकते. वर्तमानपत्रात ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत’ एवढीच ओळ येते. त्या ओळीतल्या माणसाला भरपाई कोणी द्यायची याचे उत्तर कायद्याने प्रथम 1982 साली दिले. त्या उत्तराची तरतूद इतकी तुटपुंजी होती आणि ती अशा दारी ठेवली गेली, की पुढची चाळीस वर्षे त्या दारी फारसे कोणी गेले नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रजी कायद्याची समजूत अशी होती, की माणूस मेला म्हणजे त्याचा दावाही त्याच्याबरोबर संपला. जखमी माणूस भरपाई मागू शके. मेलेल्याच्या बायकामुलांना मात्र मागता येत नसे. इंग्लंडने 1846 च्या कायद्याने ही समजूत मोडली आणि तोच कित्ता गिरवत 1855 साली हिंदुस्थानात ‘फेटल अ‍ॅक्सिडेंट्स अ‍ॅक्ट’ आला. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. मोटारीचा तर पत्ताच नव्हता. या कायद्याने मृताची पत्नी, पती, आईवडील आणि मुले यांना दिवाणी दाव्याचा हक्क दिला. दावा मात्र नेहमीच्या दिवाणी कोर्टात, दाव्याच्या रकमेवर कोर्ट फी भरून, प्रतिवादीचा हलगर्जीपणा पुराव्यानिशी शाबीत करून चालवायचा. प्रतिवादीचे नावच ठाऊक नसेल तर दावाअर्ज लिहायलाही सुरुवात होत नसे. फौजदारी बाजू 1870 साली उभी राहिली. हयगयीने मृत्यूस कारण होण्याचे कलम 304-अ भारतीय दंड संहितेत तेव्हा घातले गेले, शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षे. शिक्षा झाली तरी तिने घरच्यांच्या पदरात काही पडत नसे.

मोटारी आल्यावर 1914 चा कायदा आला, पण त्याचे लक्ष परवाना, नोंदणी आणि वेग यांच्यावर होते. भरपाईचा खरा अडसर वेगळाच होता: कोर्टाचा हुकूमनामा मिळे, पण ट्रकच्या मालकाकडे त्या ट्रकखेरीज काहीच नसे. इंग्लंडने 1930 साली थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला. हिंदुस्थानात 1939 च्या मोटार वाहन कायद्याच्या आठव्या प्रकरणात तीच सक्ती लिहिली गेली, पण ती अंमलात यायला महायुद्ध सरावे लागले. ती सुरू झाली 1 जुलै 1946 पासून. तेव्हापासून विमा कंपनी ही अपघाताच्या दाव्यातली खरी प्रतिवादी झाली. मालक आणि चालक कागदावर पहिले-दुसरे असतात, पैसे तिसऱ्याने द्यायचे असतात.

योगायोग असा की त्याच 1946 साली इंग्लंडमधल्या विमा कंपन्यांनी मिळून ‘मोटर इन्शुअरर्स ब्युरो’ स्थापन केला. ज्या गाडीचा विमाच नाही तिच्या धडकेत सापडलेल्याला पैसे देणे हे त्याचे काम. 1969 मध्ये ब्युरोने सरकारशी करार करून न सापडलेल्या चालकांचे दावेही आपल्या शिरावर घेतले. विमा उतरवणाऱ्या सगळ्यांच्या हप्त्यातून हा खर्च भागवायचा, हा त्यामागचा हिशेब. भारताने विम्याची सक्ती उचलली, पण तिच्या मागोमाग आलेली ही दुसरी व्यवस्था उचलली नाही.

1956 च्या दुरुस्तीने मोटार अपघात दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे नेमण्याची सोय झाली. भरमसाट कोर्ट फीच्या जागी माफक फी, थोडक्यात चौकशी आणि अपघाताचेच काम, असा हेतू होता. मराठी वकिलांच्या बोलण्यात या न्यायाधिकरणाला आजही कोणी पूर्ण नावाने ओळखत नाही. ‘एमएसीटी’ म्हणतात, आणि दावा ‘टाकतात’. जिल्हा न्यायाधीशच बहुधा न्यायाधिकरणाचे काम पाहतात, त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी एमएसीटीचे काम करणाऱ्या वकिलांची स्वतंत्र फळी तयार झाली. एका बाजूला दावेदारांचे वकील, दुसऱ्या बाजूला विमा कंपनीच्या पॅनलवरचे. 1 जानेवारी 1973 पासून साधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि शंभरावर कंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या. त्यानंतर तीच ती माणसे तीच ती हरकतींची यादी घेऊन रोज समोरासमोर येऊ लागली: चालकाकडे योग्य परवाना नव्हता, मालाच्या ट्रकमध्ये फुकटे प्रवासी बसवले होते, मृताचाही दोष होता. एसटी महामंडळासारख्या सरकारी वाहतूक संस्थांना विम्याऐवजी स्वतःचा निधी ठेवण्याची मुभा होती, त्यामुळे त्यांच्या दाव्यात तिसरा प्रतिवादीच नसे. तशीही लाल गाडी धडक देऊन अज्ञात राहणे अवघड.

फीचा प्रश्न पहिल्यापासून नाजूक होता. अपघातात घरचा कर्ता गेलेल्या बाईकडे वकिलाला आगाऊ द्यायला पैसे नसतात, म्हणून ‘क्लेम मिळाला की टक्केवारी’ हा व्यवहार ठिकठिकाणी चालत आला. कायद्याने तो कधीच मान्य केलेला नाही. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला एका वरिष्ठ वकिलाने वसुलीतला निम्मा हिस्सा घेण्याचा करार पक्षकाराशी केला आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्याची सनद सहा महिन्यांसाठी रोखली. 1954 साली सर्वोच्च न्यायालयानेही ते गैरवर्तनच ठरवले. इतर कोणा दोघांत असा करार झाला तर तो एकवेळ चालेल, वकिलाने मात्र दाव्यात भागीदार व्हायचे नाही, असा त्या निकालाचा रोख होता. बार कौन्सिलच्या नियमांतही ही मनाई कायम आहे. व्यवहारात ती किती पाळली जाते हे एमएसीटीच्या आवारात उभे राहिलेल्या कोणालाही विचारावे. तरीही न्यायाच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदवायला हवी. टक्केवारीच्या आशेनेच का होईना, खेड्यापाड्यातले हजारो दावे वकिलांनीच न्यायाधिकरणापर्यंत आणले. जिथे टक्केवारी निघण्यासारखी रक्कम नव्हती, तिथे मात्र कोणी वाट दाखवली नाही.

गाडी पळून गेलेल्या अपघाताचे कागद पोलीस ठाण्यात सुरू होतात. फिर्याद ‘अज्ञात वाहनचालकाविरुद्ध’ नोंदली जाते. घटनास्थळाच्या पंचनाम्यात रस्त्याची रुंदी, जवळचा किलोमीटरचा दगड, ब्रेकच्या खुणा, रक्ताचे डाग, फुटलेल्या दिव्याच्या काचा, कपड्याला किंवा सायकलीला चिकटलेला रंगाचा कपचा अशा गोष्टी लिहिल्या जातात. काच आणि रंग न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात. त्यातून गाडीचा प्रकार कळू शकतो, नंबर नाही. मग टोलनाके, पेट्रोल पंप, ढाबे, गॅरेजे धुंडाळली जातात. काहीच हाती लागले नाही तर महाराष्ट्रात पोलीस न्यायदंडाधिकाऱ्यांकडे ‘अ समरी’ मागतात. गुन्हा घडला हे खरे, पण आरोपी मिळून आला नाही, असा तिचा अर्थ. अ समरी मंजूर झाली की फाइल बांधून ठेवली जाते. 1982 पर्यंत मृताच्या घरच्यांच्या दृष्टीने गोष्ट इथेच संपत असे.

चालक पळून का जातो, याचे एक उत्तर कायद्यातच सापडते. गाडी थांबवणे, जखमीला दवाखान्यात नेणे, चोवीस तासांत पोलिसांत कळवणे ही कर्तव्ये 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 मध्ये आहेत, आणि जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर सूटही तिथेच आहे. ही कर्तव्ये मोडल्याची पहिल्या गुन्ह्याची शिक्षा 2019 पर्यंत तीन महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, एवढीच होती. थांबले तर मार खाण्याची भीती, पळाले तर पाचशे रुपये. रात्रीच्या महामार्गावर या दोहोंतून ट्रकचालक काय निवडेल हे सांगायला नको.

1970 च्या दशकात या पोकळीकडे वरच्या पातळीवर लक्ष गेले. विधी आयोगाने 1972 साली आपला एक्कावन्नावा अहवाल खास याच विषयावर, म्हणजे धडक देऊन पळालेल्या गाड्यांच्या बळींच्या भरपाईवर लिहिला. सर्वोच्च न्यायालयातही एकामागून एक निकालांत दोष सिद्ध करण्याच्या अटीबद्दल नापसंती उमटू लागली. 1979 साली हरियाणातल्या एका विधवेचा दावा न्यायालयापुढे आला. नवरा एसटी बसखाली गेला होता आणि सरकार कोर्ट फीच्या माफीवरून तिच्याशी भांडत होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सरकारला खडे बोल सुनावले आणि दोषाचा प्रश्न न काढता भरपाई देणारा कायदा करावा, असे सुचवले. संसदेने तो 1982 च्या दुरुस्तीने केला. ती 1 ऑक्टोबर 1982 पासून लागू झाली. ज्ञात गाडीच्या अपघातात दोष कोणाचा हे न पाहता मृत्यूला 15,000 आणि कायमच्या अपंगत्वाला 7,500 रुपये ठरले. अज्ञात गाडीसाठी ‘सोलेशियम फंड’ उभारला गेला. त्यातून मृत्यूला 5,000 आणि गंभीर दुखापतीला 1,000 रुपये द्यायचे. सांत्वनाची रक्कम म्हणून ती देण्यात येणार होती, आणि ती सांत्वनापुरतीही नव्हती.

1 जुलै 1989 पासून लागू झालेल्या 1988 च्या नव्या मोटार वाहन कायद्याने हे आकडे 8,500 आणि 2,000 केले. 14 नोव्हेंबर 1994 पासून ते 25,000 आणि 12,500 झाले, आणि तिथेच सत्तावीस वर्षांहून अधिक काळ थांबले. 1989 च्या सोलेशियम योजनेने अर्जाची वाटही आखून दिली. ती वाट न्यायाधिकरणाकडे न जाता महसूल खात्याकडे जाते. प्रांताधिकारी किंवा तहसीलदार हा दावा चौकशी अधिकारी. जिल्हाधिकारी हा दावा निपटारा आयुक्त. प्रांतांनी चौकशी करून अहवाल द्यायचा, जिल्हाधिकाऱ्यांनी मंजुरी द्यायची, आणि जिल्ह्यात नेमलेल्या विमा कंपनीच्या कार्यालयाने पैसे द्यायचे. कागदावर यात वावगे काही नाही. पण सातबारा, फेरफार, टंचाई आणि निवडणूक यांच्या ओझ्याखालच्या कचेरीत हे काम कोणाच्याच रोजच्या टेबलावर नव्हते. पोलिसांना ते कळवायची सवय नव्हती, विमा कंपनीला जाहिरात करण्यात रस नव्हता, आणि वकिलाला त्यात फी दिसत नव्हती. योजना अपयशी ठरली ती बहुतांशी या तिघांच्या उदासीनतेमुळे. रकमेचा तुटपुंजेपणाही त्याला कारण झाला.

ज्ञात आणि अज्ञात गाडीतली तफावत किती होती, हे एका साध्या हिशेबाने दिसते. तीस वर्षांचा, स्वतःचा छोटा धंदा असलेला, महिना 15,000 रुपये मिळवणारा माणूस घ्या. मागे चार जण अवलंबून. सर्वोच्च न्यायालयाने 2009 आणि 2017 च्या निकालांत ठरवून दिलेल्या रीतीने भविष्यातल्या वाढीसाठी चाळीस टक्के मिळवले की उत्पन्न 21,000 होते. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक चतुर्थांश वजा केला की 15,750 उरतात, वर्षाचे 1,89,000. या वयाचा गुणक सतरा. गुणाकार येतो 32,13,000 रुपये. अंत्यसंस्कार वगैरेंच्या रकमा वेगळ्या. तोच माणूस 2018 साली नंबर न सापडलेल्या डंपरखाली गेला असता तर घरच्यांना मिळाले असते 25,000.

या तफावतीने वकिलीलाही वळण लावले आणि विमा कंपन्यांच्या संशयालाही. वकिली कौशल्याचा सरळ मार्ग असा, की अज्ञात गाडीबरोबर एखादी ज्ञात गाडी घटनेत आहे का ते शोधायचे. रिक्षातल्या प्रवाशाला पळून गेलेल्या ट्रकची धडक बसली आणि रिक्षाचालकाचाही दोष दिसत असेल, तर संमिश्र हलगर्जीपणाच्या तत्त्वावर पूर्ण भरपाई रिक्षाच्या विमा कंपनीकडून मागता येते. दोघांपैकी कोणा एकाकडून सगळी रक्कम वसूल करण्याचा दावेदाराचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली स्पष्ट केला. वाकडा मार्गही होताच. फिर्यादीत ‘अज्ञात वाहन’, आणि काही आठवड्यांनी अचानक एक साक्षीदार उगवतो, त्याला नंबर पाठ असतो, त्या गाडीचा विमा चालू असतो आणि मालकही विनातक्रार दोष कबूल करतो. असे बनावट दावे उघड होऊ लागले तसे कंपन्यांनी चौकशी करणारे खासगी तपासनीस नेमले. उत्तर प्रदेशातल्या अशा दाव्यांच्या तपासात वकिलांची नावे आली, आणि 2021 मध्ये बार कौन्सिलने अठ्ठावीस वकिलांना निलंबित केले. याची झळ खऱ्या दावेदारांना बसली. नंबर उशिरा सापडला म्हणजे गाडी मागाहून ‘उभी केली’, असा बचाव विमा कंपनीच्या लेखी जबाबात ठरीव वाक्यासारखा येऊ लागला. नंबर उशिरा सापडण्याची खरी कारणेही असतात. घरचे लोक पहिले आठ दिवस दवाखान्यात किंवा दहाव्याच्या तयारीत असतात, आणि पाहणारा माणूस पोलिसांच्या चकरांना भिऊन गप्प बसलेला असतो. म्हणूनच अशा दाव्यात फिर्यादीची तारीख, पुरवणी जबाबाची तारीख आणि दवाखान्यातल्या नोंदीत पहिल्यांदा लिहिलेला मजकूर या तीन गोष्टींवर उलटतपासणी रेंगाळते.

नंबरावर अजिबात अवलंबून नसलेले काही आधारही दरम्यान तयार झाले. गाडीच्या मालक-चालकासाठी सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा आधी दुचाकीला एक लाख आणि चारचाकीला दोन लाखांचा होता; 2018 साली विमा नियामकाने तो पंधरा लाखांवर नेला. त्याला दुसरी गाडी कोणती हे विचारण्याचे कारणच नाही. महाराष्ट्रात शेतकऱ्यांसाठीची अपघात विमा योजना 2005 च्या सुमारास सुरू झाली. पुढे तिला गोपीनाथ मुंडे यांचे नाव दिले गेले. जून 2014 मध्ये ते स्वतः दिल्लीत रस्ता अपघातात गेले होते. या योजनेत शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात. विमा कंपन्यांकडून दावे नाकारले जात असल्याच्या तक्रारींनंतर 2023 मध्ये राज्याने कंपनीला बाजूला सारून ते थेट सानुग्रह अनुदान केले. पायी चालणारा शेतमजूर या दोन्ही आधारांतून सुटतो, आणि अज्ञात वाहनाखाली सापडणाऱ्यांत पायी चालणारे कमी नसतात.

2019 च्या दुरुस्तीने अज्ञात वाहनाच्या अपघाताची रक्कम मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला 50,000 केली. पळून जाण्याची कैद सहा महिन्यांपर्यंत आणि दंड पाच हजारांपर्यंत गेला. भरपाईची नवी योजना 1 एप्रिल 2022 पासून सुरू झाली. चौकशी अधिकारी आणि आयुक्त तेच राहिले, पण मुदती घातल्या गेल्या: चौकशीला एक महिना, मंजुरीला पंधरा दिवस, पैसे बँक खात्यात जमा करायला पंधरा दिवस. पैसे जनरल इन्शुरन्स कौन्सिलमार्फत येतात. पुढे गाडी सापडली आणि न्यायाधिकरणाने भरपाई दिली, तर आधी घेतलेली रक्कम परत करायची. तसे हमीपत्र अर्जासोबतच लिहून घेतले जाते. त्याच तारखेपासून न्यायाधिकरणापुढच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत परत आली, जी 1994 साली काढून टाकली होती. तिला न्यायालयात आव्हानही दिले गेले.

फौजदारी बाजू एवढ्या शांतपणे बदलली नाही. दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 (2) ने अपघात करून, पोलिसांना न कळवता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंतची कैद ठेवली. जानेवारी 2024 च्या पहिल्या दिवसांत ट्रक आणि टँकरचालकांनी देशभर चक्का जाम केला आणि मुंबई-नागपूरसह ठिकठिकाणी पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. केंद्राने माघार घेतली. 1 जुलै 2024 रोजी संहिता लागू झाली तेव्हा हे एक उपकलम बाजूला ठेवले गेले.

त्याच जानेवारीच्या 12 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने भरपाईच्या योजनेवर निकाल दिला. खंडपीठात न्यायमूर्ती अभय ओक आणि पंकज मिथल होते. न्यायालयापुढचे आकडे बोलके होते. 2022 या वर्षात देशात अशा अपघातांची नोंद 67,387 होती. 2022-23 या आर्थिक वर्षात योजनेखाली अर्ज आले 205 आणि निकाली निघाले 95. फिर्याद नोंदल्यापासून एका महिन्यात गाडीचा तपशील मिळाला नाही, तर पोलिसांनी जखमीला किंवा मृताच्या वारसांना या योजनेची लेखी माहिती द्यावी, चौकशी अधिकाऱ्याचा पत्ता आणि संपर्क सांगावा आणि अपघाताचा अहवाल त्या अधिकाऱ्याकडे पाठवावा, असा आदेश न्यायालयाने दिला. जिल्हा पातळीवर देखरेख समित्या नेमायलाही सांगितले. अर्ज अपघात जिथे झाला त्या भागाच्या प्रांत किंवा तहसील कचेरीत द्यायचा असतो. सोबत फिर्यादीची प्रत, शवविच्छेदनाचा किंवा दुखापतीचा अहवाल, ओळखपत्र आणि बँक पासबुकाची प्रत लागते. वकील लावावा लागत नाही. पोलिसांनी महिन्याभरात काही कळवले नसेल, तर वारसांनी हे कागद घेऊन स्वतःच त्या कचेरीत जावे.